एकोणीसला पाणी कुठपर्यंत होतं?

नमस्कार श्रोतेहो.

सांगलीत घर बघायला निघालेला माणूस खोल्या नंतर मोजतो. आधी विचारतो, "एकोणीसला पाणी कुठपर्यंत होतं?" आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. त्यामुळं हा प्रश्न आपल्याकडं कुणालाच चमत्कारिक वाटत नाही. मी मात्र तो घरापेक्षा एजंटाची पारख करायला वापरला.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं आठ महिने फ्लॅट बघत फिरलो. गावभागाकडं एक एजंट तळमजल्यावरचा फ्लॅट दाखवत होते. "इथं थेंब येत नाही साहेब, लिहून देतो!" लिहून द्यायला कागद मात्र त्यांच्याकडं नव्हता. पार्किंगमध्ये आलो तर आमच्या मंडळींनी मला कोपरानं ढोसलं. खांबांना छातीपर्यंतच नवा रंग होता, वर जुनाच. बाहेर इस्त्रीवाल्याला विचारलं, तर त्यानं न बोलता स्वतःच्या गळ्याशी हात नेला.

दुसरे गृहस्थ शामरावनगरात घेऊन गेले. घर मला आवडलं होतं. दार लावता लावता तेच म्हणाले, "सर, घाई करू नका. काळी जमीन आहे, पावसाचं पाणी तुंबलं की लवकर हटत नाही. जुलैत एकदा छत्री घेऊन या, मग बोलू." आता बघा, या वाक्यानं त्यांची दलाली बुडत होती. मी तिथं घर घेतलं नाही, पण त्यांचा नंबर जपून ठेवला.

महारेराच्या, म्हणजे घरबांधणी व्यवहारांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, नंबराचं विचारणार असाल तर तो जरूर बघा. नोंदणी झालेल्या प्रकल्पातलं घर विकायचं तर एजंटाचीही नोंदणी लागते. नंबर 'ए' या अक्षरानं सुरू होतो, महारेराच्या संकेतस्थळावर घरबसल्या तपासता येतो. आता त्यासाठी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. पण आपल्या गावात निम्मा धंदा जुन्या घरांचा, आणि तिथं हा नंबर फारसा उपयोगी पडत नाही. शिवाय नंबर म्हणजे लायसन्स. गाडी कशी चालवतो ते शेजारी बसल्यावरच कळतं.

दलालीचा सरकारी दर असा काही नाही. बहुधा एक ते दोन टक्के मागतात, तेही दोन्ही बाजूंकडून. दोन्हीकडून घेणं हे काही पाप नव्हे. पण पहिल्याच भेटीत सरळ विचारा, "विकणाऱ्याकडून किती घेता?" जो चाचरला, तो किंमत कमी करायला तुमच्या बाजूनं कशाला बोलेल?

गुंठेवारीचं प्रकरण वेगळं. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे विनापरवाना तुकडे पडून आपल्याकडं वसाहतीच्या वसाहती उभ्या राहिल्या. २००१ च्या कायद्यानं त्या नियमित करायची सोय झाली, पण दाखला प्रत्येकानं घेतलाय असं नाही. मला एकानं सांगितलं, "सातबारा काय, मिळंल की नंतर! सगळे असंच राहत्यात." राहत असतीलही, पण बँक कर्जाच्या वेळी आधी तोच कागद मागते. चांगला एजंट सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, सूची क्रमांक दोन (म्हणजे नोंदलेल्या खरेदीचा सरकारी उतारा) आणि नियमितीकरणाचा दाखला घर दाखवायच्या आधीच पुढं करतो. तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीचे जुने व्यवहार तपासून काढायला वकील मात्र तुमचाच हवा. "आपलाच माणूस आहे" म्हणून एजंटानं आणलेला नको.

आणि ती पुण्याची पार्टी! "आज टोकन टाका, उद्या पुण्याची पार्टी येतीय." आठ महिन्यांत ही पार्टी मी किमान दहा वेळा ऐकली, एकदाही बघितली नाही. टोकन द्यायचंच तर चेकनं, आणि मालकाच्या नावानं. कागदपत्रांत खोट निघाली तर पैसे परत, हे विसार पावतीवर लिहून घ्या. नव्या प्रकल्पात तर नोंदणीकृत करार झाल्याशिवाय दहा टक्क्यांच्या वर पैसे मागायची बिल्डरला कायद्यानंच मनाई आहे.

शेवटी विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर घर झालं, त्या शामरावनगरवाल्या गृहस्थांच्याच हातून. एक टक्का ठरला. निम्मी रक्कम विसाराला, निम्मी खरेदीखताची नोंदणी झाल्यावर. कागद सगळे चोख होते. राहायला गेल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला वरच्या मजल्यावर सतारीचा रियाज सुरू झाला, तो आजतागायत चालू आहे. मी त्यांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही फक्त पाण्याचं विचारलं होतं."

नमस्कार.