नादकाट्याची रेघ

(पडद्यावर: काजळी धरलेला एक कागद. त्यावर शेजारी शेजारी दोन नागमोडी रेघा.)

या कागदावरची एक रेघ माणसाच्या गाण्याची आहे आणि दुसरी एका नादकाट्याची, म्हणजे ठोकला की ठरावीक वेगाने कंप पावणाऱ्या धातूच्या दुहेरी काट्याची (ट्यूनिंग फोर्क). ९ एप्रिल १८६० रोजी एदुआर-लेऑं स्कॉट द मार्तँव्हिल या फ्रेंच गृहस्थांनी त्या एकाच वेळी उमटवल्या. स्कॉट हे व्यवसायाने मुद्रितशोधक होते. शरीरशास्त्राच्या एका ग्रंथाची मुद्रिते तपासताना कानाच्या रचनेची आकृती त्यांच्यासमोर आली, आणि असाच एक कृत्रिम कान तयार करून त्याच्याकडून आवाज लिहून घ्यावा, असे त्यांच्या मनाने घेतले. रुंद तोंडाच्या पोकळ पात्राच्या टोकाला ताणलेला पातळ पडदा, पडद्याला जोडलेला एक ताठ केस आणि त्या केसाच्या टोकाखालून फिरणारा काजळीचा कागद, एवढाच त्या यंत्राचा पसारा होता. उमटलेला आवाज पुन्हा ऐकावा, हा स्कॉट यांचा हेतूच नव्हता. अक्षरे वाचावीत तसा तो डोळ्यांनी वाचायचा होता.

कागदाचे नळकांडे हाताने फिरवले जात असे, आणि हात कितीही सरावलेला असला तरी त्याची गती कमीजास्त होणारच. नादकाट्याची कंपने मात्र बदलत नाहीत. म्हणूनच स्कॉट यांनी गाण्याशेजारी नादकाट्याची रेघ उमटवून घेतली. नळकांडे मंदावले की दोन्ही रेघा सारख्याच दाटतात आणि वेगाने फिरले की सारख्याच विरळ होतात. दुसऱ्या रेघेवरून काळ मोजायचा आणि त्या मापाने पहिली सरळ करून घ्यायची, अशी ही योजना होती.

२००८ साली ‘फर्स्ट साउंड्स’ या अभ्यासगटाने आणि अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने या रेघांच्या प्रतिमेवरून संगणकाच्या साहाय्याने आवाज परत मिळवला. एका जुन्या फ्रेंच लोकगीताची ओळ ऐकू आली आणि ती एखाद्या मुलीने गायिली असावी, असे सर्वांना वाटले. पुढच्याच वर्षी चूक ध्यानात आली. त्या काळी फ्रान्समध्ये काट्याचे जाणे हे एक कंपन आणि येणे हे दुसरे, असे मोजण्याची रीत होती. त्यामुळे सेकंदाला ५०० म्हणून नोंदलेली कंपने आजच्या हिशेबाने २५० हर्ट्झच, म्हणजे सेकंदाला २५० पूर्ण कंपनेच, भरतात. गती निम्मी करताच मुलीचा आवाज नाहीसा झाला आणि अतिशय सावकाश गाणारा एक पुरुष ऐकू येऊ लागला. तो बहुधा खुद्द स्कॉट यांचाच आवाज असावा. रेघ अचूक होती, यंत्रणा अचूक होती, तरीही केवळ मोजण्याची रीत ठाऊक नसल्यामुळे गाणाऱ्याचे वय आणि लिंग दोन्ही बदलले होते. भौतिकशास्त्रातला नादकाटा वाचायला भाषेची आणि इतिहासाचीही जाण लागली, ही या संशोधनातली मोठी गमतीची बाब म्हणावी लागेल.

(पडद्यावर: तपकिरी मेणाचे नळकांडे. पृष्ठभागावर बुरशीचे पांढुरके डाग.)

१८७७ साली एडिसन यांचा फोनोग्राफ आला, त्यानंतर मेणाची नळकांडी आली, आणि लोकांच्या तोंडी असलेली गाणी व कथा टिपण्यासाठी अभ्यासक ही यंत्रे घेऊन बाहेर पडले. मार्च १८९० मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी अमेरिकेतील मेन राज्यात तिथल्या मूळ रहिवाशांपैकी पासामाक्वॉडी समाजाची गाणी आणि संभाषणे मेणावर उतरवली. प्रत्यक्ष लोकांमध्ये जाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणाचे हे पहिले ज्ञात उदाहरण समजले जाते. दहा वर्षांनी कार्ल स्टुम्फ यांनी बर्लिनमध्ये ध्वनिसंग्रहालयाचा पाया घातला. तिथल्या अभ्यासकांनी ध्वनिमुद्रणाबरोबर ४३५ हर्ट्झची एक शिट्टी वाजवून ठेवण्याची शिस्त पाळली. नळकांडे पुढे कोणत्याही गतीने फिरले तरी त्या शिट्टीवरून मूळ गती ठरवता येते. स्कॉट यांची दुसरी रेघच इथे शिट्टीच्या रूपाने परत आली होती.

मेण मऊ असते. सुई फिरेल तितक्या वेळा ते झिजते, आणि बुरशी तर मेण खाऊनच वाढते. कणभौतिकीच्या प्रयोगांसाठी सिलिकॉनचे शोधक (सूक्ष्म कण टिपणारी उपकरणे) तयार करणारे कार्ल हेबर यांनी जुनी ध्वनिमुद्रणे नष्ट होत असल्याचे रेडिओवर ऐकले, आणि शोधकांचे सूक्ष्म दोष पाहण्याच्या पद्धतीने मेणावर कोरलेले आवाजाचे चरही स्पर्श न करता पाहता येतील, असे त्यांना सुचले. मेणाच्या नळकांड्यावर आवाज चराच्या खोलीत कोरलेला असतो आणि त्या खोलीतील चढउतार काही मायक्रोमीटरचेच असतात. माणसाचा केस त्या मानाने बराच जाड ठरावा. ही खोली मोजण्याची युक्ती देखणी आहे. पांढरा प्रकाश अशा भिंगातून सोडतात की त्यातला प्रत्येक रंग थोड्या वेगळ्या अंतरावर एकवटतो. मेणावरून जो रंग सर्वांत स्पष्ट परत येतो, त्यावरून त्या बिंदूचे अंतर कळते. असे असंख्य बिंदू जोडून संगणक चराचा चढउतार मांडतो, ओरखडे व बुरशीचे उंचवटे वगळतो आणि सुई त्या उतारावरून गेली असती तर कशी हलली असती, याचे गणित करतो. सुई अर्थातच कुठेही टेकत नाही.

मूळ आवाज कोणता आणि यंत्राने घातलेली भर कोणती, हाच प्रश्न आवाजावरून रोग ओळखू पाहणाऱ्यांपुढेही वेगळ्या रूपात उभा राहतो. स्वरतंतूंच्या एका कंपनाला लागणारा वेळ पुढच्या कंपनाला तंतोतंत तितकाच लागत नाही. हा फरक किती आहे, हे मोजून पार्किन्सनसारख्या आजाराची चाहूल घेण्याचे प्रयत्न बरीच वर्षे चालू आहेत आणि त्यासाठी रुग्णाला एकच स्वर लांबवून म्हणायला सांगतात. मात्र थरथर गळ्यातली की यंत्रातली, हे आधी वेगळे करावे लागते. कोविडच्या काळात खोकल्याच्या आवाजावरून संसर्ग ओळखल्याचे अनेक दावे झाले. ब्रिटनमध्ये ६७,८४२ जणांच्या ध्वनिमुद्रणांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संसर्ग झालेले आणि न झालेले यांना वेगळे ओळखण्याचा गुणांक (अचूक ओळखीला १) सुरुवातीला ०.८५ च्या आसपास आला. वय, लिंग, लक्षणे अशा बाबतींत सारख्या असलेल्या माणसांचीच एकमेकांशी तुलना केल्यावर तो ०.६२ पर्यंत घसरला. निव्वळ अंदाजाने ०.५ मिळतो, हे ध्यानात घेतले म्हणजे ही घसरण किती मोठी आहे ते समजते. संसर्ग ठरलेले लोक ज्या वाटेने अभ्यासात आले, त्या वाटेच्या खुणाच संगणक बऱ्याच अंशी ओळखत होता. इथे नादकाट्याची रेघ आवाजाबरोबर नव्हती, ती नंतर शोधून जोडावी लागली.

(पडद्यावर: संग्रहालयातील कपाट. हेडफोन लावून ऐकणारी एक वृद्ध व्यक्ती.)

मौखिक परंपरेच्या बाबतीत ही दुसरी रेघ कंपनांमध्ये मोजता येत नाही. गाणे कोणाचे, ते केव्हा गायचे, कोणासमोर गायचे नाही, हे मेणावर उमटत नाही. फ्यूक्स यांची नळकांडी आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. स्वच्छ केलेला आवाज पासामाक्वॉडी ज्येष्ठांनी ऐकला, शब्द लावले आणि माहिती जोडली. आता ग्रंथालयाच्या नोंदींवर त्या समाजाने त्यांच्या भाषेत दिलेल्या पट्ट्या दिसतात. ‘हे विकायचे नाही’ अशा अर्थाची एक पट्टी त्यांत आहे. आवाज सर्वांसाठी खुला करावा की नाही, हा निर्णय तंत्रज्ञांनी परस्पर घेण्याचे दिवस मागे पडत आहेत, ही गोष्ट आम्हाला आवाज मिळवण्याइतकीच महत्त्वाची वाटते.

ऐकणारे कुणी उरलेच नसेल, तर काय करायचे? बर्कलीच्या विद्यापीठात कॅलिफोर्नियातील मूळ रहिवाशांची सुमारे २,७०० मेणाची नळकांडी आहेत. त्यांपैकी १४८ नळकांड्यांवर इशी या एकाच माणसाचा आवाज आहे. ‘याही’ नावाच्या समाजातील तो शेवटचा ज्ञात माणूस होता आणि १९११ मध्ये तो बाहेरच्या जगासमोर आला. इशी हे त्याचे खरे नावही नव्हते. त्या शब्दाचा अर्थ केवळ ‘माणूस’ असा आहे. १९१५ च्या उन्हाळ्यात भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सापिर यांनी त्याच्याबरोबर बसून भाषेची टिपणे घेतली, तेव्हा तो आजारी होता. मार्च १९१६ मध्ये क्षयाने त्याचा मृत्यू झाला. आज त्याचा आवाज उलगडू पाहणाऱ्यांच्या हाताशी त्या वह्या आहेत.

रानबदकाची एक कथा त्याने पन्नासहून अधिक नळकांड्यांवर सांगितली आहे. प्रत्येक नळकांडे काही मिनिटांत भरते. भरले की इशी थांबतो, यंत्रावर नवे मेण चढते आणि कथा पुढे सुरू होते.