"माझा विश्वास कमी पडला का?" असं विचारणाऱ्या सगळ्यांसाठी

जय ख्रिस्त, मंडळी!

उपवासकाळावरचा व्हिडिओ टाकला तेव्हापासून कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. कुणाची सातपूरच्या कारखान्यातली नोकरी गेलीय, कुणाची निफाडकडची द्राक्षबाग ऐन काढणीला आली आणि गारांनी झोडपली, कुणाच्या घरात कॅन्सर निघालाय. आणि विचारतात काय? "ताई, इतकी प्रार्थना करते, तरी काही होत नाही. माझा विश्वास कमी पडला का?"

आज तेवढंच बोलायचंय.

नेहमीचं आधी पटापट सांगून टाकते, तुम्हाला ते माहीत आहेच. रोज चार ओळी का होईना, वचन वाचा. रविवारची उपासना सोडू नका. एकटे राहू नका. आणि डॉक्टरची गोळी बंद करू नका. हे शेवटचं पुन्हा सांगते, कारण मागच्या आठवड्यात एका ताईंनी लिहिलं की त्यांनी विश्वासाने बीपीची गोळी सोडली. ताई, आजच सुरू करा. ज्याच्या नावाचं शुभवर्तमान आपण वाचतो तो लूक वैद्य होता. प्रेषित पौल आपल्या पत्रात त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो.

आणि झोपा, जेवा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून म्हणाला, पुरे झालं, आता माझा जीव घे. देवाने त्याला उपदेश केला नाही. दूत आला, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई ठेवली आणि म्हणाला, ऊठ, खा. तो खाऊन परत झोपला. दूताने पुन्हा उठवलं, पुन्हा खायला घातलं. मग तो होरेब डोंगराकडे निघाला. आधी दोनदा जेवण, दोनदा झोप, मग चालणं. ज्या रात्री प्रार्थना सुचत नाही, त्या रात्री वरणभात खाऊन झोपा.

आता अवघड जागेवर येते. प्रार्थनेत खरं बोलायचं.

आपण काय करतो? आत जळत असतं आणि तोंडाने म्हणतो, "प्रभू, तुझे आभार, तुझी स्तुती." पवित्र शास्त्र उघडून बघा. स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत, त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त तक्रारीची आहेत. रडणं, विचारणं, भांडणं. १३वं स्तोत्र सहा ओव्यांचं, त्यात 'किती वेळ?' हा प्रश्न चारदा येतो. तू मला कायमचा विसरणार का, असं तोंडावर विचारलंय. ८८वं तर शेवटपर्यंत वळतच नाही. बाकीच्या बहुतेक विलापांत शेवटी तरी आशेची ओळ येते, याचा शेवट अंधारावर होतो. आणि ते कुणी काढून टाकलं नाही! हजारो वर्षं देवाच्या लोकांनी ते उपासनेत म्हटलं. म्हणजे देवापुढे तसं बोलायची परवानगी आहे.

एका भाऊंची कमेंट होती, "देवाला जाब विचारणं पाप नाही का?" त्याच्याखालीच एका काकांनी लिहिलंय, "आम्ही वारकरी. आमच्याकडे विठोबाशी कडकडून भांडतात, भांडण आपल्या माणसाशीच होतं." काका, खूप आभार. आमच्या मंडळीतल्या कितीतरी जणांना हे समजावताना माझी दमछाक होते, तुम्ही एका ओळीत सांगितलंत.

तरी 'विश्वास कमी पडला' ही गोष्ट जात नाही. तिचा मला मनापासून राग आहे, आणि तो कुठून आला ते सांगते.

२०१९ साली माझ्या वडिलांना पॅरालिसिस झाला. डावी बाजू पूर्ण गेली. जेल रोडच्या आमच्या दोन खोल्यांत ते ११ महिने अंथरुणावर होते. डाव्या हाताची मूठ इतकी घट्ट वळायची की नखं तळव्यात रुतायची, म्हणून मुठीत रुमालाची गुंडाळी ठेवायला सांगितलेली. घरी एक प्रार्थना सभा झाली. सभा संपल्यावर चहा घेता घेता एकाने आईला विचारलं, "घरात काही पाप राहिलंय का बघा. विश्वास पक्का असता तर एव्हाना भाऊ उठले असते." आई काहीच बोलली नाही, कप उचलून आत गेली. त्यानंतर चार महिने ती उपासनेला आली नाही. बाबांच्या आजाराने तिला मोडलं नव्हतं, मंडळी. त्या एका वाक्याने मोडलं.

असं बोलणाऱ्यांनी पवित्र शास्त्रातलं ईयोबाचं पुस्तक शेवटपर्यंत वाचावं. ईयोब नीतिमान माणूस, तरी त्याची मुलं, संपत्ती, आरोग्य सगळं गेलं. त्याचे मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तिथपर्यंत चांगले मित्र होते ते. मग तोंड उघडलं आणि पुढचे कितीतरी अध्याय तेच, तुझंच काहीतरी चुकलं असणार. आणि ईयोब? तो देवाला सरळ प्रश्न विचारतो, आपला जन्मदिवससुद्धा शापतो. शेवटी देव कोणावर रागावतो? ४२वा अध्याय काढा. त्या मित्रांतल्या अलीफजला देव म्हणतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं. आरडाओरडा करणारा बरोबर ठरला, समजावणारे चुकले.

अजून पटत नसेल तर प्रभू येशूकडे बघा. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तो तीनदा तीच प्रार्थना करतो, हा दुःखाचा प्याला टळू दे. प्याला टळला नाही. त्याचा विश्वास कमी होता? पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं. काटा निघाला नाही, उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे आहे. पौलाचा विश्वास कमी होता? वधस्तंभावर प्रभू ओरडला, माझ्या देवा, तू मला का सोडलंस. ते २२व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. मरताना त्याच्या तोंडी विलापाचं स्तोत्र आलं. मग तुमच्या माझ्या तोंडी आलं तर काय बिघडलं?

पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रातलं ४:१३ हे वचन स्टेटसला ठेवणाऱ्यांनाही प्रेमाने सांगते, १२वं वचनही वाचा. "मी सर्व काही करू शकतो" हे परीक्षेत पहिलं येण्याबद्दल नाही. पौल कैदेत बसून लिहितोय की मला भरल्या पोटी राहता येतं आणि उपाशीही राहता येतं. त्या उपाशी राहण्याला जे बळ लागतं, त्याबद्दल ते वचन आहे.

मध्येच एकाने विचारलं होतं, नाशिकच्या शरणपूर रोडला शरणपूर का म्हणतात. आजच्या विषयाशी त्याचं नातं आहे. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या मिशन संस्थेच्या विल्यम प्राइस यांनी नाशिकजवळ ख्रिस्ती वस्ती वसवली, ती शरणपूर. शरण घ्यायचं गाव. पुढे गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणली गेली. आईबाप नाहीत, स्वतःची भाषा बोलणारं कुणी नाही. त्यांना शाळा मिळाली, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. त्यांच्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये मिशनरी आणि संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचं हृदय तिथेच पुरताना दफनविधीची प्रार्थना याने वाचली, आणि मग त्याचा देह समुद्रापर्यंत नेणाऱ्यांत हाही होता. आपल्या नाशिकला शिकलेला मुलगा! त्या मुलांवर संकट का आलं याचं उत्तर शरणपुरात कुणाकडे नव्हतं. राहायला जागा होती, ताटात जेवण होतं, हाताला काम होतं. मी त्या रस्त्याने गाडीवरून जाते तेव्हा दर वेळी ते मनात येतं.

आईकडे परत येते. ती उपासनेला येईना, तेव्हा मंडळीतल्या एक मावशी दर गुरुवारी घरी यायला लागल्या. डब्यात पिठलं आणि बाजरीच्या भाकरी, वर फडकं बांधलेलं. त्या "देवाची इच्छा" म्हणाल्या नाहीत, "धीर धरा" म्हणाल्या नाहीत. बाबांजवळ बसायच्या, एकेक बोट सोडवून मूठ उघडायच्या, तळवा कोमट पाण्याने पुसून नवा रुमाल ठेवायच्या. मग चष्मा लावून १३वं स्तोत्र वाचायच्या. दर गुरुवारी तेच. तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी 'किती वेळ' आलं आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "हो ना देवा, किती वेळ?" चार महिन्यांतली तिची ती पहिली प्रार्थना.

बाबा उठले नाहीत. गेले. पण आई त्या घरात प्रार्थना करत राहिली, रडून, भांडून, कधी नुसती बसून.

ज्यांनी मेसेजमध्ये विचारलं की नेमकं करायचं काय, त्यांच्यासाठी: आज रात्री १३वं स्तोत्र मोठ्याने वाचा. 'शत्रू' शब्द येईल तिथे तुमच्या आजाराचं, कर्जाचं, जे असेल त्याचं नाव घ्या. शेवटच्या दोन, भरवशाच्या ओव्या तोंडातून निघत नसतील तर तिथेच थांबा, उद्या परत वाचा. आणि शेजारी कुणी दुःखात असेल तर समजावायला जाऊ नका. डबा घेऊन जा, भांडी घासा, ईयोबाच्या मित्रांचे पहिले सात दिवस करा.

तुमची नावं आणि विनंत्या खाली लिहा, मी वहीत उतरवून घेते आणि खरंच वाचते. आता थांबते, आज गुरुवार आहे. मावशींना हल्ली जिने चढवत नाहीत, त्यामुळे आईच निघालीय. देवळाली गावात एका घरी पेशंट आहे. पिठलं झालंय, डबा भरलाय, आणि मला तिला तिथवर पोचवायचंय.