फ्रिजमध्येही वाढणारा लिस्टेरिया

श्रोतेहो, नमस्कार. अन्न फ्रिजमध्ये ठेवले की ते सुरक्षित झाले, ही आपली समजूत बहुतेक जिवाणूंच्या बाबतीत बरीचशी खरी ठरते. लिस्टेरियाच्या बाबतीत मात्र तीच घातक ठरू शकते. हा जिवाणू ४ अंश सेल्सिअस तापमानातही सावकाश वाढत राहतो, आणि अन्नाचा वास किंवा चव बदलेलच असे नसल्याने त्याचा संशयही येत नाही.

न तापवलेले दूध, त्याचे मऊ चीज, पाकीटबंद तयार मांस, धुरी दिलेले मासे, चिरून ठेवलेली फळे, असे पुन्हा न शिजवता खाल्ले जाणारे पदार्थ हे त्याचे मुख्य वाहक होत. दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये अशाच एका तयार मांसपदार्थातून पसरलेल्या साथीत १,००० हून अधिक रुग्ण आढळले आणि २०० हून अधिक दगावले; रुग्णांमध्ये नवजात बालके फार मोठ्या संख्येने होती, ही त्यातली सर्वांत वेदनादायक बाब.

निरोगी माणसाला बहुधा ताप आणि जुलाब होऊन बरे वाटते. वृद्धांना आणि प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांना मात्र हा संसर्ग रक्तात व मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. तेव्हा तीव्र डोकेदुखी, मान आखडणे, तोल जाणे, भ्रम होणे अशी लक्षणे दिसतात. गर्भवतीला स्वतःला केवळ कणकण आणि अंगदुखी जाणवते, पण तेवढ्यातच गर्भपात होऊ शकतो किंवा बाळ मृत जन्मू शकते, म्हणून तिच्या साध्या तापाकडेही दुर्लक्ष करणे मला अक्षम्य वाटते.

उष्णतेपुढे हा जिवाणू टिकत नाही. दूध पाश्चरीकृत असावे किंवा उकळून घ्यावे, उरलेले अन्न वाफ येईपर्यंत सर्व बाजूंनी गरम करावे, कच्चे मांस तयार अन्नापासून वेगळे ठेवावे आणि फ्रिजमध्ये सांडलेले लगेच पुसावे. पाकिटावरची मुदत संपलेला पदार्थ, तो कितीही ताजा दिसला तरी, टाकून द्यावा.

लक्षणे कधी काही दिवसांत, तर कधी दोन महिन्यांनंतरही उमटतात. त्यामुळे जोखमीच्या व्यक्तीला ताप आल्यास, गेल्या काही आठवड्यांत असे कोणते पदार्थ खाल्ले होते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. रक्ताच्या तपासणीतून निदान होते आणि ॲम्पिसिलिनसारखी प्रतिजैविके वेळेवर मिळाल्यास गर्भातील बाळालाही वाचवता येते.