आधी देव, मग समुद्र

श्रोतेहो, नमस्कार.

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र नाही. आपल्या गोदामाईचं पाणीसुद्धा कोकणाकडं पाठ करून थेट आंध्रात, बंगालच्या उपसागराला मिळतं. आपण ज्या निजामाच्या राज्यात होतो, त्यालाही किनारा नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा कुठं किनारपट्टी आपल्या वाट्याला आली. असं असूनही दिवाळीच्या सुट्टीत गणपतीपुळ्याच्या पार्किंगमध्ये जरा नंबरप्लेटा वाचत फिरा. एमएच २२ परभणी, २४ लातूर, २६ नांदेड, मधेच एखादी ३८, म्हणजे हिंगोली. टपावर ताडपत्रीत बांधलेल्या बॅगा, काचेत अडकवून वाळत घातलेला टॉवेल आणि मागच्या सीटवर धपाट्यांचा डबा.

आपल्या आधीच्या पिढीला समुद्र म्हणजे मुंबई. तोही मुद्दाम पाहायला कुणी जात नसे. मंत्रालयात काम निघायचं, नाहीतर कुणाला मोठ्या दवाखान्यात दाखवायचं असायचं. मीटरगेजच्या गाडीतून मनमाडला उतरून पुढची मोठी गाडी पकडायची, काम उरकायचं आणि परतीच्या गाडीला वेळ असेल तर गिरगाव चौपाटीवर पाय भिजवून भेळ खायची. हौशी मंडळी जुहूपर्यंत जायची, पण त्यांचं निम्मं लक्ष नटनट्यांच्या बंगल्यांकडं.

मग पुळ्याचे दिवस आले. घरात म्हाताऱ्यांपुढं “बीचवर जातो” म्हणायची सोय नव्हती. “गणपतीला जाऊन येतो” म्हटलं की उलट तेच पिशवी भरून तयार. त्यात रस्त्याची साथ मिळाली. नागपूर-रत्नागिरी महामार्ग नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, सांगली, कोल्हापूर असा येतो आणि आंबा घाट उतरून रत्नागिरीला पोचतो. तुळजाभवानी, अंबाबाई आणि पुळ्याचा गणपती एकाच वाटेवर! शाळांच्या सहलीही एसटीनं याच वाटेनं जात राहिल्या. गणपतीपुळ्याची वाळू काही कोकणात सगळ्यात सुंदर नाही. लातूर-नांदेडकरांना ते आपलं वाटतं ते या रस्त्यामुळं, असं माझं स्पष्ट मत आहे.

देवामुळं किनारा कसा चालतो, हे पाहायचं तर दिवेआगरची गोष्ट ऐका. रायगड जिल्ह्यातलं सुपारीच्या वाड्यांचं हे शांत गाव. १९९७ साली तिथल्या एका वाडीत जमिनीखाली तांब्याच्या पेटीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि राज्यभरातून रीघ लागली. घराघरांत खोल्या भाड्यानं निघाल्या, खानावळी उभ्या राहिल्या. मार्च २०१२ मध्ये दरोडा पडला, दोन रखवालदारांचा जीव गेला, मुखवटा चोरीला गेला. पाठोपाठ गर्दी ओसरली. किनारा तोच, लाटा त्याच. पण पाहुणा येईना. पुढं ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं नारळी-पोफळी आडव्या केल्या. पोफळ लावली की सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, म्हणजे तिथल्या माणसाचा पाहुणाही गेला आणि वाडीही गेली. २०२१ च्या नोव्हेंबरात नवा सुवर्णमुखवटा बसवला, तेव्हापासून गाव हळूहळू सावरतंय.

तारकर्लीनं मात्र देवाचं निमित्त लागू दिलं नाही. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, पण आपल्याकडची पोरं तिकडं वळली ती मोबाइल आल्यावर. नितळ पाण्यात स्कूबा करायचं, आजूबाजूला मासे, तोंडात नळी, आणि संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ अख्ख्या गल्लीच्या मोबाइलवर. तेव्हापासून घरातल्या म्हाताऱ्यांसाठी पुळे आणि पोरांसाठी मालवण अशी वाटणी झाली.

आता जालना आणि संभाजीनगरचं गणित पुन्हा बदलेल. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये शेवटच्या टप्प्यासकट पूर्ण झाला आणि भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत गाडी सरळ जाऊ लागली. तिथून पालघरचं केळवं फार लांब नाही. तिथं शीतलादेवीचं देऊळही आहे, म्हणजे आपल्याला चालण्यासारखं.

“पुळ्यात आता काही राम राहिला नाही” असं हल्ली फार ऐकू येतं. हे म्हणणारे बहुतेक जण नाताळ ते एकतीस डिसेंबर या आठवड्यातच तिथं गेलेले असतात. आपणच केलेल्या गर्दीला नावं ठेवायची, ही आपली खास सवय!

एक गोष्ट जरा थांबून सांगतो. आपली पोरं विहिरीत सूर मारून पोहायला शिकलेली. त्यांना वाटतं, पाणी ते पाणी. विहिरीचं पाणी जागचं हलत नाही. समुद्राची लाट परतताना पायाखालची वाळू काढून नेते आणि काही ठिकाणी पाणी एका पट्ट्यातून जोरात आत जातं. त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेनं झुंजत बसू नये, दम तिथंच संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर यावं, नाहीतर तरंगत राहून हात वर करावा. गणपतीपुळ्याच्या समुद्रानं अशी कितीतरी पोरं नेली आहेत. जीवरक्षक शिट्टी मारतो तेव्हा तो आपल्या हौसेवर पाणी टाकत नसतो.

भरतीची वेळ काढायला जुन्या लोकांचा एक हिशेब आहे, तो आपल्या पंचांगवाल्या घरांना सोपा पडेल. तिथीला पाऊणनं गुणायचं. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. साधारण त्या वेळेला, सकाळी आणि रात्री, भरती असते. सहा तासांनी ओहोटी. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. वेळ थोडी मागंपुढं होते, पण गाडी वाळूत उतरवून जेवायला बसणाऱ्यांनी एवढा हिशेब तरी करावा.

आणि पुळ्याची गर्दी नको असेल तर उत्तरेला गुहागरकडं वळा. वेळणेश्वरला समुद्राला लागूनच महादेव आहे, हेदवीला दशभुज गणपती. म्हणजे घरच्या म्हाताऱ्यांचीही तक्रार नाही. हेदवीच्या किनाऱ्यावर बामणघळ नावाची खडकातली अरुंद भेग आहे. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि फवारा होऊन वर उसळतं. ते लांबूनच बघायचं, कडेवर जायचं नाही. ओहोटीला गेलात तर नुसता खडक दिसेल. पौर्णिमेच्या मागंपुढं जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत पोचा, आणि दुपारचं जेवण उशिरा लागेल हे खानावळीत आदल्या रात्रीच सांगून ठेवा.

नमस्कार.