मत कुणाचं?

(सार्वजनिक वाचनालयाच्या वाचक मेळाव्यातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

डिसेंबर लागला की वाचणाऱ्या मंडळींमध्ये हिशेबाची गडबड उडते. कुणाची पन्नास पुस्तकं झालेली असतात, कुणी शंभरी भरल्याचं कळवतं. शंभरी भरली म्हटलं की मला शिशुपालच आठवतो, पण ते असो. ज्याला आकड्यानं हुरूप येतो त्यानं जरूर मोजावं. मला बोलायचंय ते आकड्याशेजारच्या, मताच्या रकान्याबद्दल. बहुतेक याद्यांमध्ये तो रिकामाच असतो.

पुस्तक आपण विसरतो. कथानक जातं, पात्रांची नावं जातात, कधी कधी तर ते वाचलं होतं हेही आठवत नाही. मत मात्र पक्कं राहतं. अमका लेखक फार बोजड, तमकीची सुरुवातीची पुस्तकं चांगली, पुढे ती घसरली. कुणी विचारलं की हे आपण ठासून सांगतो. पण हे मत पुस्तक मिटल्यावर आपलं आपण बनवलं, रविवारच्या पुरवणीतल्या परीक्षणातून उचललं, की कट्ट्यावर कुणी तावातावानं बोललं ते चिकटलं? दोन वर्षांनी याचा पत्ता लागत नाही. वाचनाची वही ठेवायची ती यासाठी.

चार्ल्स डार्विननं 1838 ते 1860 या काळात वाचनाच्या वह्या ठेवल्या होत्या. त्यांत दोन याद्या, वाचायच्या पुस्तकांची आणि वाचलेल्या पुस्तकांची. काहींपुढे नुसतं चाळल्याचंही सरळ लिहिलंय. शिवाय आपल्या कामाचा मजकूर कुठल्या पानावर आहे याची सूची तो पुस्तकाच्या शेवटी करून ठेवायचा. जाडजूड पुस्तक धरायला अवघड गेलं तर ते चक्क मधोमध फाडून त्याचे दोन भाग करायचा. ग्रंथपालबाई, एवढं वाक्य तुम्ही ऐकलंच नाही असं समजा.

पुढे 1876 साली त्यानं आत्मचरित्र लिहायला घेतलं. माल्थस या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाचा लोकसंख्येवरचा निबंध आपण ऑक्टोबर 1838 मध्ये सहज करमणूक म्हणून वाचला आणि जीवनसंघर्षाचा धागा हाती लागला, असं त्यात तो सांगतो. आता त्याची त्या वेळची टिपणवही बघा. माल्थसबद्दलची नोंद आहे 28 सप्टेंबरची. काही दिवसांचा फरक, तो सोडून देऊ. पण सूर बघा. निसर्गाच्या घडीत जिथे फट सापडेल तिथे लाखभर पाचरी ठोकल्या जाताहेत, अशी उपमा त्यानं तिथे वापरली आहे. करमणुकीसाठी पुस्तक हातात घेतलं असेलही, पण नोंद करणारा माणूस चांगलाच हादरलेला दिसतो. जवळजवळ चाळीस वर्षांनी आठवणीनं त्यावरून शांतपणे हात फिरवला. इतक्या काटेकोर माणसाची ही गत, तर आपली काय कथा!

मग वहीत लिहायचं काय? पुस्तक संपल्याची तारीख, ते कुणी सुचवलं, अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव (हे हटकून राहतं), आणि त्याच दिवशी लिहिलेल्या चार ओळी. त्या लिहून होईपर्यंत कुणाचंही परीक्षण वाचायचं नाही. ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘वाचनीय’ हे शब्द वहीपुरते बंद. त्याऐवजी पान क्रमांकासकट एक जागा दाखवायची. ‘पान 112, आत्या दागिने मोजते तो प्रसंग, इथेच थांबायला हवं होतं, पुढची दोन प्रकरणं नुसतं पाणी.’ हे मत उद्या चुकीचं ठरलं तरी चालेल, ते तुमचं आहे. पाच चांदण्यांपैकी चार दिल्या, याला मी मत म्हणत नाही. कवितासंग्रहालाही चार आणि कोकणच्या इतिहासालाही चार, यातून काय समजायचं?

अर्धवट सोडलेली पुस्तकंही लिहावीत. कितव्या पानावर सोडलं आणि का. झोप येत होती म्हणून सोडलेलं पुस्तक आणि संताप आला म्हणून सोडलेलं पुस्तक यांत फार फरक आहे.

मराठी वाचकाला आणखी एक अडचण असते, ती इतरांना सहसा नसते. का. र. मित्रांनी 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपलं वर्ष ऑक्टोबरात वळण घेतं. आपल्याच वाचनालयाची दिवाळी अंक योजना बघा, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत लोक अंकच नेतात. यादीत याची नोंद कशी करायची? अख्खा अंक म्हणजे एक पुस्तक धरायचं का? अंक अख्खा वाचतो तरी कोण? मी म्हणेन, अंक मोजू नका, कथा आणि लेख नावानिशी लिहा: लेखक, अंक, वर्ष. कारण तीच कथा तीन-चार वर्षांनी संग्रहात येते, कधी थोडी बदलूनही येते. तेव्हा ‘हे कुठेतरी वाचलंय’ एवढंच डोक्यात घोळत राहतं. वहीत नोंद असेल तर दोन्ही रूपं शेजारी ठेवून बघता येतात. वाचनातली ही मोठी मौज आहे आणि ती फुकट मिळते.

आता मत दुसऱ्याला सांगण्याबद्दल. आपल्या वाचनालयांत ही परंपरा जुनी आहे, फक्त ती पुस्तकांच्या समासात चालते. ‘सुंदर कादंबरी, अवश्य वाचा.’ त्याखाली दुसऱ्या शाईत, ‘काय सुंदर आहे यात?’ रहस्यकथेच्या दहाव्या पानावर खुन्याच्या नावाखाली पेन्सिलीची रेघ मारणारा सद्गृहस्थ तर प्रत्येक गावात असतोच. ग्रंथालयाचं पुस्तक रंगवणं वाईटच, पण त्या दुसऱ्या शाईचा प्रश्न मला फार योग्य वाटतो. काय सुंदर आहे ते सांगा की!

एस. आर. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, हे त्यातलं दुसरं, आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, हे तिसरं. दुसऱ्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. तिसऱ्याला मात्र आपल्या नावडीचाही उपयोग होतो, तिचं कारण दिलं तर. ‘कंटाळवाणं’ एवढंच लिहिलंत तर पुस्तक कपाटात पडून राहील. ‘विहीर खणण्याचं वर्णन तीस पानं चालतं, मला सोसलं नाही’ असं लिहिलंत, तर ज्यानं स्वतः विहीर खणली आहे तो ते पुस्तक त्याच दिवशी घरी नेईल.

म्हणून कार्यकारिणीला विनंती केली आणि त्यांनी ती मान्यही केली. देवघेवीच्या टेबलावर उद्यापासून एक वही असेल. पुस्तकाचं नाव, पान क्रमांक आणि चार ओळी. सभासद क्रमांक लिहायची सक्ती नाही. खुन्याचं नाव मात्र लिहू नका.