शंभर रुपयांची कपात

१९५७ सालच्या सार्वत्रिक निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने भल्याभल्या उमेदवारांना घरी बसवले आणि साताऱ्यातून क्रांतिसिंह नाना पाटील लोकसभेत गेले. येडे मच्छिंद्र हे त्यांचे गाव. तलाठ्याची नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या आणि पुढे सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार उभे करणाऱ्या या माणसाचे व्यासपीठ म्हणजे गावोगावची उघडी मैदाने होती. तिथली रांगडी मराठी घेऊनच ते दिल्लीला गेले, आणि लोकसभेत मराठीतून बोलणारे पहिले खासदार म्हणून आजही त्यांचेच नाव घेतले जाते.

संविधानाच्या अनुच्छेद १२० नुसार संसदेचे कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालते. मात्र ज्या सदस्याला या दोन्ही भाषांत आपले म्हणणे नीट मांडता येत नाही, त्याला मातृभाषेत बोलण्याची परवानगी अध्यक्ष देऊ शकतात. वाचताना ही तरतूद एखाद्या सवलतीसारखी वाटते. आम्हाला मात्र ती फार मोलाची वाटते, कारण बांध, पाणंद, गायरान हे शब्द दुसऱ्या भाषेत नेले की त्यांच्यामागचे भांडणतंटे, हक्क आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट मागेच राहून जाते.

त्याच लोकसभेत नाशिकमधून दादासाहेब गायकवाड निवडून आले होते. दिंडोरी तालुक्यातील आंबे गावात जन्मलेल्या दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावावर व्हावी ही मागणी करणारा नेता त्या वेळी स्वतः संसदेचा सदस्य होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परंतु सभागृहात बोलायला मिळणे हीच मुळात अवघड गोष्ट असते. कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा हे कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि तो वेळ पक्षांच्या संख्याबळानुसार वाटला जातो, त्यामुळे लहान पक्षाच्या किंवा मागच्या बाकावरच्या सदस्याच्या वाट्याला अनेकदा जेमतेम काही मिनिटे येतात. प्रस्तावना संपते न संपते तोच घंटी वाजते. म्हणूनच ग्रामीण भागातून आलेला जाणता सदस्य भाषणाइतकाच नियमांचा अभ्यास करतो.

सकाळी ११ वाजता सुरू होणारा प्रश्नोत्तराचा तास घ्या. तोंडी उत्तरासाठी दिवसाला २० तारांकित प्रश्न निवडले जातात, तेही सोडतीने. छापील उत्तर मंत्रालयाने आधीच तयार केलेले असते. खरी कसोटी त्यानंतरच्या पूरक प्रश्नाची असते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागू झाले आणि डिसेंबरात निर्यातच बंद करण्यात आली. अशा निर्णयाच्या फायलीत उत्पादनाचे आणि किरकोळ भावाचे आकडे असतात. उन्हाळी कांदा चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, ठेवल्यावर महिन्यागणिक त्याचे वजन घटते, पावसाळी हवेत खालचा थर सडू लागतो, कोंब फुटलेल्या मालाला व्यापारी हात लावत नाही आणि म्हणून शेतकऱ्याला थांबायला सांगणे म्हणजे त्याला तोटा सोसायला सांगणे असते, हे मात्र ज्याने चाळीत हात घालून कांदा पाहिला आहे तोच एका पूरक प्रश्नात विचारू शकतो.

अर्थसंकल्पातील मागण्यांवर, म्हणजे प्रत्येक मंत्रालयाने खर्चासाठी मागितलेल्या रकमांवर, चर्चा होते तेव्हा आणखी एक साधन हाती येते आणि आम्हाला ते विशेष आवडते. एखाद्या मंत्रालयाने हजारो कोटी रुपयांची मागणी ठेवलेली असते आणि सदस्य सूचना देतो की या रकमेतून १०० रुपये कमी करावेत. ही लाक्षणिक कपात सूचना. त्या शंभर रुपयांनी तिजोरीला काही फरक पडत नाही; मात्र सूचनेसोबत नेमकी तक्रार लिहावी लागते, मग ती रखडलेल्या रेल्वेमार्गाची असो वा पीकविम्याच्या न मिळालेल्या भरपाईची. सूचना बहुधा फेटाळली जाते किंवा मागे घेतली जाते. शिवाय वेळ संपला की उरलेल्या मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात, आणि त्यात ग्रामीण जीवनाशी थेट संबंध असलेले खातेही सापडू शकते. ही खंत प्रामाणिकपणे नोंदवलीच पाहिजे.

प्रश्नोत्तराच्या तासानंतरचा शून्य प्रहर आणि लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांतील नियम ३७७ हे त्या मानाने सोपे मार्ग. तिथे मोजक्या शब्दांत मतदारसंघाचा प्रश्न मांडता येतो.

याहून कमी परिचित आहे ती १९५३ पासून काम करणारी सरकारी आश्वासन समिती. चर्चेच्या ओघात मंत्री सहज म्हणतात, ‘मी यात लक्ष घालतो’ किंवा ‘माहिती मागवली आहे, ती सभागृहासमोर ठेवू’. असे वाक्य कार्यवृत्तातून वेचून आश्वासन म्हणून नोंदवले जाते आणि ते सर्वसाधारणपणे तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते. मुदत वाढवून मागितली जाते, विलंब होतो, पण नोंद पुसली जात नाही. पुढच्या अधिवेशनात तोच सदस्य ते वाक्य, त्याची तारीख आणि मंत्र्यांचे उत्तर कागदावर उतरवून पुन्हा आपल्या बाकावर येऊन बसतो, आणि आपले नाव कधी पुकारले जाते याची वाट पाहतो.