पुंगळी किती वेळा भरावी?

मंडळी, "एक पुंगळी किती वेळा भरता येते?" या प्रश्नाला मी आकडा देत नाही. पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी कवच; बार झाल्यावर ते नव्या दारू-गोळीने पुन्हा भरता येतं. एकाच खोक्यातल्या पुंगळ्या एका रायफलीत तीन-चार बारांतच धोकादायक होतात आणि दुसरीत दहा-पंधरा वेळा टिकतात.

बार होतो तेव्हा काय घडतं ते बघा. .३०८ विंचेस्टर या रायफलीच्या काडतुसात दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला ६२ हजार पौंड आहे. त्या दाबाने पुंगळीची पातळ भिंत फुगून चेंबरला (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) घट्ट चिकटते. जाड बूड मात्र मागे बोल्टवर (चेंबर मागून बंद करणारा अडसर) रेटलं जातं. मग ताण पडतो तो बुडाच्या किंचित वर, जिथे जाड भाग संपून भिंत सुरू होते तिथे. पितळ तिथे लांबतं आणि पातळ होतं. नंतर आपण साइझिंग डायमध्ये (फुगलेली पुंगळी दाबून मापात आणणारा साचा) खांदा, म्हणजे गोळी धरणाऱ्या मानेखालचा उतार, गरजेपेक्षा जास्त मागे ढकलला, तर पुढच्या बाराला तीच जागा पुन्हा ताणली जाते. पुंगळी मरते ती बहुतेक वेळा इथे. बोल्ट-ॲक्शन रायफलीत खांदा ०.०३ ते ०.०५ मिलिमीटर मागे नेला तरी पुरतो.

.३०३ या जुन्या ब्रिटिश लष्करी काडतुसाचं उदाहरण घ्या. त्याची पुंगळी चेंबरमध्ये बुडाच्या कडेवर टेकते, आणि लष्करी रायफलींत खांद्यापुढे मुद्दाम ऐसपैस जागा ठेवलेली असे. त्यामुळे पहिल्याच बाराला ती बरीच ताणली जाते. त्याच रायफलीसाठी नुसती मान साइझ केली, तर खांदा बसल्या जागी राहतो आणि आयुष्य खूप वाढतं.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. बारीक तारेचं टोक काटकोनात वाकवून धारदार करा, तार आत सोडा आणि बुडापासून वर हळूहळू ओढत आणा. टोक कुठे खाचेत अडकलं, तर पुंगळी बाद. बाहेरून त्याच जागी चकाकती रेघ गोल फिरलेली दिसली तरी बाद. अशी पुंगळी पकडीने चेपूनच टाका, म्हणजे चुकून कुणी भरणार नाही. ती चेंबरमध्ये तुटली तर तापलेला वायू मागे, चेहऱ्याकडे उसळतो. म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच.

मानेची गोष्ट वेगळी. फुगणं-दाबणं यानं पितळ कडक होतं आणि मान चिरते. ही चीर सहसा तितकी घातक नसते, पण पुंगळी बादच. मान आणि खांदा तापवून नरम करता येतात. बूड कधीही तापवू नका, नरम बुडाला दाब पेलवत नाही. मान लांबली असेल तर कापून मापात आणा, नाहीतर ती चेंबरमध्ये गोळीला आवळते आणि दाब चढतो. प्रायमर (बुडात बसणारी, दारू पेटवणारी टोपी) बसवताना हाताला विरोध जाणवला नाही, तर त्याची बुडातली खाच सैल झाली आहे. दारूचा भार जास्त ठेवणाऱ्यांना हे लवकर दिसतं.

आणि साफसफाईत अमोनिया नको. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली जात आणि त्यांचं पितळ आपोआप तडकत असे. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण १९२१ मध्ये उलगडलं.

पुंगळ्या गटाने ठेवा आणि प्रत्येक गटाचे बार वहीत लिहा. एका पुंगळीत तार अडकली, की त्या गटातली प्रत्येक पुंगळी त्याच दिवशी तपासा. तोवर त्यातली एकही भरू नका.